जगातलं पहिलं हार्ट ऑपरेशन नक्की कोणी केलं? (आणि श्रेय कोणाच्या खिशात गेलं)

जुना_पंपवाला

आमच्या सोसायटीच्या गणपतीत (सहकारनगर) प्रश्नमंजुषा होती, त्यात प्रश्न आला जगातली पहिली हृदयशस्त्रक्रिया कोणी केली, आणि कार्डावर छापील उत्तर डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड. मी म्हटलं अहो ते ट्रान्सप्लांट, १९६७ चं, त्याच्या आधी सत्तर वर्षं हृदयाला टाके पडत होते. तर माइक धरलेला मुलगा म्हणे काका कार्डावर आहे तेच धरायचं. मार्क समोरच्या विंगला. असो.

माझी अख्खी नोकरी ओटीत हार्ट-लंग मशिन (ऑपरेशन चालू असताना हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र) चालवण्यात गेली, म्हणजे मी परफ्युजनिस्ट, आमच्या वेळी नुसतं 'पंपवाला' म्हणायचे. पेशंटचे नातेवाईक सर्जनच्या पाया पडायचे, भूलतज्ञांना पेढे द्यायचे, आम्ही मागच्या दाराने चहाला. तक्रार नाही, पण त्यामुळे हा श्रेयाचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे एवढंच.

तर पहिला कोण. शिकागोत १८९३ साली डॅनियल हेल विल्यम्स या कृष्णवर्णीय सर्जनने छातीत चाकू लागलेल्या माणसाची छाती उघडली आणि हृदयाभोवतीचं आवरण शिवलं, तेही स्वतः काढलेल्या प्रॉव्हिडंट हॉस्पिटलात, कारण बाकीच्या हॉस्पिटलांत काळ्या डॉक्टर-नर्सना जागा नव्हती. पेशंट जगला. पण आवरण म्हणजे हृदय नव्हे असं म्हणणारे आहेत, आणि आवरणच धरायचं तर सेंट लुईसच्या डाल्टनने ते १८९१ मध्येच शिवलं होतं. प्रत्यक्ष हृदयाच्या स्नायूला टाके घालून पेशंट वाचवला तो फ्रँकफर्टच्या लुडविग रेनने, सप्टेंबर १८९६. उजव्या कप्प्याला रेशमाचे तीन टाके, धडधडत्या हृदयावर.

आणि हृदय उघडून आतलं बघत बघत ऑपरेशन करायचं तर आमचं मशिन पाहिजे. ते जॉन गिबनचं. ३०-३१ साली बोस्टनमध्ये फुफ्फुसात गुठळी अडकलेल्या एका बाईच्या उशाशी रात्रभर बसून राहिला, ती वाचली नाही, आणि याच्या डोक्यात आलं की तेवढा वेळ रक्त बाहेर काढून, ऑक्सिजन देऊन परत घातलं असतं तर? पुढची वीसेक वर्षं यातच. बायको मॅली त्याच्याबरोबर लॅबमध्ये, प्रयोगाचं निम्मं काम तिचं. प्रयोगाला मांजरं कमी पडायची तेव्हा हा माणूस रात्री बोस्टनच्या गल्ल्यांत ट्यूना मासा आणि पोतं घेऊन भटकी मांजरं धरायला जायचा. शेवटी ६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयाच्या पडद्यातलं भोक बंद केलं, २६ मिनिटं ती पूर्ण मशिनवर. मुलगी पुढे कित्येक वर्षं ठणठणीत. आणि नंतरचे पेशंट दगावल्यावर गिबनने ते ऑपरेशन सोडूनच दिलं! मशिन सुधारून रोजच्या वापरातलं केलं ते मेयो क्लिनिकच्या कर्कलिनने, १९५५ पासून.

मधल्या वेळात मिनेसोटात लिलेहायने काय केलं तर मशिनच नको म्हणाला, मुलाच्या आईला नाहीतर बापालाच शेजारच्या टेबलावर झोपवायचं आणि त्यांच्या रक्तवाहिन्या पोराला जोडायच्या. बापाचं हृदय हाच पंप, बापाची फुफ्फुसं हाच ऑक्सिजनेटर. मार्च १९५४ पासून अशी ४५ ऑपरेशन्स, २८ पोरं घरी गेली. पण एका आईच्या मेंदूत हवा गेली आणि कायमचं नुकसान झालं.

त्या हवेचं भय काय असतं ते आम्हाला विचारा. केस सुरू व्हायच्या आधी सर्किट (मशिनच्या नळ्या) भरून झालं की ट्यूबिंगवर क्लॅम्पच्या दांड्याने टकटक करत बसायचं, कोपऱ्यात चिकटलेला एकेक बुडबुडा सुटून वर सरकेपर्यंत. आर्टेरियल लाइनमध्ये (पेशंटला रक्त परत देणाऱ्या नळीत) एक राहिला की तो सरळ मेंदूकडे. सर घाई करायचे, 'झालं का रे', पण टकटक संपल्याशिवाय मी कधी हो म्हटलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नुसती तारीख बघून श्रेय वाटू नये. दहावा, पन्नासावा पेशंट पायाने चालत घरी कोणामुळे गेला ते बघावं. बोला आता.

तात्या_हडपसर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. काका ते मांजराचं पोतं भारीये.

सदाशिव_पेठी

लेख चांगला, निष्कर्ष अमान्य. पहिला म्हणजे पहिला. उद्या म्हणाल एव्हरेस्टवर नंतर हजारो गेले तेव्हा श्रेय त्यांना मार्ग आखून देणाऱ्यांचं. तारीख हे एकच माप असं आहे की ज्यात आवडनिवड चालत नाही. 'कोणामुळे घरी गेला' हे तुम्ही मोजणार कसं?

वाचनवेडा_कात्रज

वाचनखूण साठवली. निवांत वाचतो.

आर्या_टिळकरोड

काका मनापासून धन्यवाद. या विषयाशी माझं नातं जरा वेगळं आहे. आमची लेक फॅलोज टेट्रालॉजी (हृदयाचा जन्मजात दोष) घेऊनच जन्माला आली, म्हणजे ज्याला 'निळं बाळ' म्हणतात ते. चालायला लागल्यावर सारसबागेत इतर पोरांमागे पळायची आणि मध्येच थांबून उकिडवी बसायची, गुडघे पोटाशी घेऊन, ओठ जांभळे. आम्हाला वाटायचं मुंग्या बघतेय. डॉक्टरांनी सांगितलं की तिला कोणी शिकवलेलं नाही पण तसं बसलं की पायाकडचं रक्त अडतं आणि फुफ्फुसाकडे थोडं जास्त जातं, शरीरच जुगाड करतं. आधी शंट (रक्ताला फुफ्फुसाकडे न्यायची मुद्दाम केलेली वाट) बसवला, नंतर मोठं ऑपरेशन, आता कॉलेजला आहे आणि स्कूटी चालवते (फार जोरात).

तर त्या शंटच्या मागे कोण होतं हे कोणी लिहील का? फाईलवर 'बीटी शंट' एवढंच आहे.

मृण्मयी_को

@आर्या, मी लिहिते, भूलशास्त्रात आहे त्यामुळे थोडं माहितीये.

बी म्हणजे ब्लेलॉक, टी म्हणजे टॉसिग. हेलन टॉसिग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लहान मुलांची हृदयरोगतज्ञ, ऐकू कमी यायचं म्हणून बाळांच्या छातीवर बोटं ठेवून ठोके वाचायची. तिच्या लक्षात आलं की ज्या निळ्या बाळांची जन्माआधीची एक रक्तवाहिनी उघडी राहते ती बरी असतात आणि ती बंद झाली की बिघडतात. मग तसलीच वाट मुद्दाम करून दिली तर? हे घेऊन ती आधी बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉसकडे गेली. ग्रॉस म्हणजे १९३८ साली ती वाहिनी पहिल्यांदा यशस्वीपणे बांधणारा माणूस. तो म्हणे मी बंद करतो, उघडत नाही. मग ती ब्लेलॉककडे आली.

आता खरा माणूस. ब्लेलॉकच्या लॅबमध्ये व्हिव्हियन थॉमस नावाचा कृष्णवर्णीय टेक्निशियन होता. डॉक्टर व्हायचं म्हणून पैसे साठवले होते, १९३० मध्ये नॅशव्हिलची बँक बुडाली आणि सगळं गेलं. त्याच वर्षी, बँक बुडायच्या थोडं आधी, ब्लेलॉककडे लॅबमध्ये लागला होता, काम संशोधन सहायकाचं आणि पगारपत्रकावर हुद्दा सफाई कामगाराचा. कुत्र्यांमध्ये आधी तो आजार तयार करायचा, मग हाताची रक्तवाहिनी फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीला जोडून तो सुधारायचा, हे सगळं त्याने बसवलं. लहान बाळासाठी सुया आणि क्लॅम्प मिळत नव्हते ते त्यानेच बेतून घेतले. २९ नोव्हेंबर १९४४ ला आयलीन सॅक्सन नावाच्या १५ महिन्यांच्या मुलीवर पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा ब्लेलॉकने त्याला बोलावून स्टुलावर आपल्या खांद्यामागे उभं केलं, कारण हे जोडकाम हातात बसलं होतं ते थॉमसच्या, ब्लेलॉकच्या नाही. तो मागून सांगत होता, टाका उलट दिशेने येतोय वगैरे.

१९४५ मध्ये पेपर छापून आला. नावं दोन, ब्लेलॉक आणि टॉसिग. थॉमसचं आभारातसुद्धा नाही. त्याला मानद डॉक्टरेट मिळाली १९७६ ला, तीसुद्धा कायद्याची!

आणि टॉसिगलाही फार काही मिळालं असं नाही, पूर्ण प्रोफेसर व्हायला १९५९ उजाडलं.

तात्या_हडपसर

म्हणजे पंगतीत मान यजमानाचा आणि घाम आचाऱ्याचा. कायद्याची डॉक्टरेट 😂 काय डोकं लावलं असेल.

वारजेकर

यावरून आठवलं. बर्नार्डच्या ट्रान्सप्लांटमध्येसुद्धा खरं ऑपरेशन हॅमिल्टन नाकी नावाच्या काळ्या माळ्याने केलं होतं. दात्याचं हृदय त्याने काढलं, आणि फोटोत चुकून दिसला तर हॉस्पिटलने सांगितलं हा सफाईवाला आहे. आमच्या ग्रुपवर परवाच आलं होतं. वर्णभेदामुळे दाबून ठेवलं.

मृण्मयी_को

@वारजेकर, तो फॉरवर्ड फार वर्षं फिरतोय आणि त्यातला ऑपरेशनचा भाग खरा नाही. ३ डिसेंबर १९६७ च्या रात्री नाकी केप टाउनच्या ग्रूट शूर हॉस्पिटलच्या त्या थिएटरात नव्हता. २००५ मध्ये तो वारला तेव्हा लंडन-न्यूयॉर्कच्या नावाजलेल्या पेपरांनी आणि मेडिकल जर्नल्सनीसुद्धा हीच गोष्ट मृत्युलेखात छापली आणि मग सगळ्यांना खुलासे छापावे लागले.

खरं एवढं आहे की तो केप टाउन विद्यापीठात माळी म्हणून लागला, तिथून जनावरांच्या लॅबमध्ये गेला, आणि प्राण्यांवरच्या ट्रान्सप्लांटमध्ये, विशेषतः लिव्हरच्या, इतका तयार झाला की शिकाऊ सर्जन त्याच्याकडून शिकायचे. बर्नार्डनेच उतारवयात त्याच्या हाताची तारीफ केली. आणि १९९१ ला निवृत्त झाला तो माळ्याच्या पेन्शनवर.

वारजेकर

ठीक आहे पण मूळ मुद्दा तोच राहतो ना. फोटो खोटा असेल, माळ्याची पेन्शन खरी आहे.

सदाशिव_पेठी

मुद्दा तोच राहत नाही. थॉमसचं काम कागदोपत्री आहे, लॅबच्या वह्या आहेत, त्याने शिकवलेले सर्जन साक्षीला आहेत. नाकीच्या नावावर जी गोष्ट चिकटवली ती खोटी निघाली तेव्हा त्याचं जे खरं काम होतं तेही लोकांना संशयास्पद वाटायला लागलं. उदार मनाने दिलेलं खोटं श्रेय माणसाचं नुकसानच करतं. म्हणून मी म्हणतो, कागद आणि तारीख.

जुना_पंपवाला

पेठीसाहेब या बाबतीत तुमच्याशी सहमत. पण नाकीचा विषय निघालाच आहे तर त्यातला एक धागा सांगतो जो मला फार आवडतो.

नाकीला बागेतून लॅबमध्ये नेलं कोणी, तर रॉबर्ट गोट्झने. हा केप टाउनला जिराफाच्या रक्ताभिसरणावर काम करत होता. जिराफ पाणी प्यायला मान खाली घालतो, एवढ्या उंचावरून डोकं एकदम जमिनीला, आणि परत वर करतो, तरी त्याला चक्कर कशी येत नाही? आता टेबलावरचा जिराफ धरायला माणूस पाहिजे ना, तर बाहेर टेनिस कोर्टाची निगा राखणारा नाकी धडधाकट दिसला, त्याला बोलावला. साल १९५४ च्या आसपास. तिथून त्याची लॅबची कारकीर्द सुरू.

हाच गोट्झ पुढे न्यूयॉर्कला गेला आणि २ मे १९६० ला ब्रॉन्क्समध्ये एका पेशंटच्या छातीतली मॅमरी आर्टरी त्याने कोरोनरीला (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीला) जोडली, टाके न घालता टँटलम धातूची बारीक कडी वापरून. म्हणजे माणसातला पहिला कोरोनरी बायपास! आपल्या गल्लीत प्रत्येक तिसऱ्या काकांचा झालाय तो. आणि गोट्झचं नाव कितीजणांनी ऐकलंय? हॉस्पिटलातल्या सहकाऱ्यांनाच ते पटलं नाही, फिजिशियन लोकांनी नाकं मुरडली, आणि त्याने पुन्हा तसलं ऑपरेशन केलं नाही. एकच केस.

जिराफ धरणारा आणि जिराफ तपासणारा, दोघंही राहिले बाजूला.

तात्या_हडपसर

काका दंडवत घ्या. बायपासचा इतिहास जिराफापासून सुरू होतो हे सासऱ्यांना सांगतो, त्यांचा मार्चमध्ये झालाय.

सदाशिव_पेठी

बघा म्हणजे! तुमच्याच उदाहरणात तुमचा नियम मोडला. तुमच्या हिशोबाने गोट्झला शून्य मार्क, एकच पेशंट. मग हळहळताय कशाला?

बाकी पुढची वंशावळ मी देतो. फेब्रुवारी १९६४, लेनिनग्राड, वासिली कोलेसोव. त्यानेही मॅमरी आर्टरीच जोडली पण सुईदोऱ्याने, पंप न वापरता चालू हृदयावर, आणि गोट्झसारखा थांबला नाही, करत राहिला. त्याच्याच शहरातल्या हृदयरोगतज्ञांनी ठराव केला की कोरोनरीच्या आजारावर शस्त्रक्रियेला भवितव्य नाही. मग मे १९६७, क्लीव्हलँड क्लिनिक, अर्जेंटिनाहून आलेला रेने फावालोरो, त्याने पायातली शीर वापरली. जगाने बायपासचा जनक म्हणून याला डोक्यावर घेतलं.

आणि मजा अशी की आज हृदयाच्या पुढून उतरणाऱ्या डाव्या कोरोनरीला सर्जन पहिल्या पसंतीने काय लावतात? मॅमरी आर्टरीच. पायाची शीर दहा-पंधरा वर्षांत बुजू शकते, मॅमरी टिकते. म्हणजे हात कोलेसोवचा, नाव फावालोरोचं.

मृण्मयी_को

फावालोरोवर जरा अन्याय होतोय. क्लीव्हलँडमध्ये आधीच मेसन सोन्सने कोरोनरीत डाय सोडून थेट चित्र काढायची पद्धत बसवली होती (१९५८, तीसुद्धा अपघाताने, कॅथेटर म्हणजे बारीक नळी घसरून कोरोनरीत गेली आणि तरी पेशंट वाचला). त्यामुळे फावालोरोला ब्लॉक नेमका कुठे आहे ते ऑपरेशनच्या आधी दिसत होतं आणि नंतर शीर चालू आहे का तेही तपासता येत होतं. शेकडो पेशंट करून, आकडे मांडून त्याने ते जगाला शिकवलं. आणि स्वतःला एकट्याला जनक म्हणवून घ्यायला तो कायम नाही म्हणायचा, टीमचं म्हणायचा. नंतर तिकडची कमाई सोडून मायदेशी गेला, हॉस्पिटल काढलं, आणि देशाच्या आर्थिक संकटात ते कर्जात बुडताना बघून २००० साली स्वतःला संपवलं.

जुना_पंपवाला

@पेठी, हळहळ आणि मार्क वेगळे. गोट्झची मला हळहळ वाटते पण मार्क फावालोरोलाच. आणि कोलेसोवला फावालोरोइतकेच.

परळकर_आता_बाणेर

धागा वर काढतो. एवढं सगळं झालं आणि केईएमचं नाव नाही?

१६ फेब्रुवारी १९६८. बर्नार्डनंतर अडीच महिन्यांत परळच्या केईएममध्ये प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय ट्रान्सप्लांट केलं. जगातलं सहावं, आणि करणारे चौथे सर्जन: बर्नार्ड, ब्रुकलिनचे कँट्रोविट्झ, स्टॅनफर्डचे शमवे आणि आपले सेन. म्युनिसिपालिटीचं हॉस्पिटल! पेशंट काही तासच जगला, सप्टेंबरमध्ये दुसरा प्रयत्न केला तोही जगला नाही, आणि मग ते थांबलं. भारतात यशस्वी ट्रान्सप्लांट व्हायला १९९४ उजाडलं, एम्समध्ये वेणुगोपाल. कारण ब्रेन डेथ मानणारा कायदाच त्या वर्षी झाला. आज पुण्यात सिग्नल थांबवून ग्रीन कॉरिडॉर करून हृदय विमानतळावर नेतात त्याची बातमी चौथ्या पानावर येते, सेनांच्या वेळी दात्याला मृत कधी म्हणायचं इथूनच सुरुवात होती.

आणि त्याही आधी, १९६५ मध्ये, सेन आणि सहकाऱ्यांनी एक अफाट कल्पना मांडली. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूला बरंचसं रक्त कोरोनरीतून नाही, आतल्या कप्प्यातून थेट मिळतं. मग माणसाच्या हृदयाच्या भिंतीला सुईने बारीक भोकं पाडून तसंच करता येईल का? पुढे अमेरिकेत हीच भोकं लेसरने पाडायला लागले, मोठमोठी मशिनं आली, १९९८ मध्ये तिकडे मान्यता मिळाली. लेसरचं कौतुक झालं, परळची सुई कोणाला आठवते?

सदाशिव_पेठी

अभिमान रास्त आहे परळकर, पण ती भोकं थोड्या दिवसांत बुजतात असं नंतर दिसलं आणि लेसरवाल्यांचाही फायदा किती खरा यावर वाद झाले. न चाललेल्या कल्पनेचं श्रेय मागायचं का?

परळकर_आता_बाणेर

का नाही? चाललेल्या कल्पना न चाललेल्यांच्या मागूनच येतात, फक्त पहिल्यांचे पुतळे होतात. आणि तुम्हीच म्हणालात कागद आणि तारीख. कागद छापलेला आहे, तारीख आधीची आहे. घ्या.

तात्या_हडपसर

परळ १, सदाशिव पेठ ०

वारजेकर

शमवेंचं कोणीतरी लिहा. खरा मानकरी तोच असं ऐकलंय.

जुना_पंपवाला

लिहितो. नॉर्मन शमवे आणि रिचर्ड लोअर यांनी स्टॅनफर्डमध्ये १९५९ पासून कुत्र्यांवर हृदय बदलायची पद्धत बसवली. सगळ्या शिरा एकेक जोडत बसण्यापेक्षा जुन्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा मागचा भाग तसाच ठेवायचा आणि नवीन हृदय त्यावर शिवायचं, वेळ वाचतो. बर्नार्डने केप टाउनला वापरली ती मूळ हीच पद्धत. बर्नार्ड आणि शमवे दोघंही मिनेसोटात एकाच काळात शिकलेले, आणि १९६६ मध्ये बर्नार्ड किडनी ट्रान्सप्लांट शिकायला रिचमंडला गेला तेव्हा लोअर तिथे होता, त्याचं काम त्याने बघितलं. मॉस्कोत डेमिखोवकडेही जाऊन आला होता, ज्याने १९४६ मध्येच कुत्र्याच्या छातीत दुसरं हृदय बसवलं होतं.

नोव्हेंबर ६७ मध्ये शमवेने जाहीर केलं की आम्ही तयार आहोत, दात्याची वाट बघतोय. अमेरिकेत हृदय चालू असलेल्या माणसाला मृत म्हणायची कायद्याने सोय नव्हती. आणि दोन आठवड्यांत बर्नार्डने करून टाकलं. त्याचा पेशंट वॉशकान्स्की १८ दिवस जगला, न्यूमोनियाने गेला. बर्नार्ड रातोरात सिनेनटासारखा प्रसिद्ध, मासिकांच्या मुखपृष्ठांवर.

आता माझा मुद्दा बघा. ६८ साल संपेपर्यंत जगभरात शंभरेक ट्रान्सप्लांट झाली, ज्याला त्याला करायचं होतं, बहुतेक पेशंट गेले आणि मग एकेकाने दुकान बंद केलं. शमवे थांबला नाही. सत्तरचं सगळं दशक शरीर नवीन हृदय नाकारतंय याची लक्षणं तो आधीच ओळखायला शिकत होता, हृदयाचा बारीकसा तुकडा काढून तपासायची पद्धत त्याच्याच टीममधून आली. मग ऐंशीच्या सुरुवातीला सायक्लोस्पोरिन हे नकार रोखणारं औषध आलं आणि पेशंट वर्षानुवर्षं जगायला लागले. पहिला बर्नार्ड, पण आज कोणी नवीन हृदयावर जगत असेल तर ते शमवेने केलेल्या कामावर.

बर्नार्डलाही कमी लेखू नका, दुसऱ्या पेशंटला, ब्लायबर्गला, त्याने १९ महिने जगवलं आणि त्या काळात ती फार मोठी गोष्ट होती. हिंमत तर होतीच.

मृण्मयी_को

भांडणांचा राजा राहिला, ह्यूस्टन. मायकेल डीबेकी आणि डेंटन कूली, एकाच मेडिकल सेंटरमधले दोन दिग्गज. डीबेकीच्या बेलर कॉलेजच्या लॅबमध्ये सरकारी पैशावर कृत्रिम हृदयाचं काम चालू होतं, करणारा अर्जेंटिनाचा डोमिंगो लिओट्टा. ४ एप्रिल १९६९ ला डीबेकी वॉशिंग्टनला असताना कूलीने लिओट्टाचं हृदय हास्केल कार्प या ४७ वर्षांच्या पेशंटला बसवून टाकलं. डीबेकीला हे कळलं ते बाहेरून! कार्प साधारण ६४ तास त्या यंत्रावर राहिला, मग दात्याचं हृदय मिळालं, ते बसवलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. चौकश्या झाल्या, कूलीने बेलर सोडलं, सर्जन्सच्या संस्थेने ठपका ठेवला, कार्पच्या बायकोने कोर्टात खेचलं, तिथे कूली जिंकला. दोघं जवळजवळ ४० वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. २००७ मध्ये समेट, पुढच्या वर्षी डीबेकी ९९ व्या वर्षी वारला.

कूलीचं म्हणणं कायम एकच, पेशंट टेबलावर मरत होता, माझ्याकडे वस्तू होती. दोघांच्या भांडणात ती वस्तू बनवणाऱ्या लिओट्टाचं नाव जेमतेम येतं.

जुना_पंपवाला

डीबेकीवरून सांगतो. ज्या रोलर पंपावर माझी नोकरी झाली, त्याला जुनी मंडळी डीबेकी पंप म्हणायची. ट्यूबवरून दोन रोळ्या फिरतात, रक्त पुढे ढकललं जातं, त्यात ना झडपा ना काही. १९३४ मध्ये त्याने तो रक्त देण्यासाठी सुधारून घेतला आणि तोच पुढे गिबनच्या मशिनमध्ये गेला. पण तसल्या पंपांची पेटंटं १९ व्या शतकातच काढलेली आहेत. ज्याचं श्रेय कूलीने पळवलं म्हणून तो ४० वर्षं बोलला नाही त्याच्या नावाच्या पंपाची ही गत.

सदाशिव_पेठी

तरी हार्ट-लंग मशिनपर्यंत तो पंप आणला डीबेकीने, पेटंटवाल्यांनी नाही. बघा, आता मी तुमच्या बाजूने बोलायला लागलो.

वाचनवेडा_कात्रज

निवांत वाचलं, जबरदस्त धागा. आसामच्या धनीराम बरुआंचं कोणीच लिहिलं नाही? जानेवारी १९९७, गुवाहाटीजवळ सोनापूर, ३२ वर्षांच्या माणसाला डुकराचं हृदय. पेशंट सातव्या दिवशी गेला, बरुआंना अटक, ४० दिवस तुरुंगात. आणि २०२२ ला अमेरिकेत मेरीलँडला डुकराचं हृदय बसवलं तेव्हा जगभर 'पहिलं' म्हणून बातमी. आपल्याकडचा आधीच करून तुरुंगात जाऊन आला होता!

मृण्मयी_को

इथे मात्र मी श्रेय द्यायला तयार नाही. मेरीलँडच्या डुकराचे दहा जीन बदललेले होते, माणसाच्या शरीराने लगेच नाकारू नये म्हणून, परवानगी घेतलेली, सगळा डेटा उघड. तो पेशंटही दोनच महिने जगला पण कशामुळे गेला हे पुढच्यांना वाचता येतं. बरुआंनी वापरलेलं हृदय साधं, परवानगी नाही, आणि पेशंट सात दिवस कसा जगला हे पडताळता येईल असं काही मागे ठेवलं नाही. आणि प्राण्याचं हृदय माणसात हेही पहिलं नव्हेच, १९६४ मध्ये मिसिसिपीत जेम्स हार्डीने चिंपांझीचं बसवलं होतं, तासभर चाललं.

वाचनवेडा_कात्रज

पण आपला माणूस गोरा असता तर तुरुंगात गेला असता का?

सदाशिव_पेठी

परवानगीशिवाय केलं तर गेलाच असता. नसता गेला तर जायला हवा होता. पेशंट आपलाच माणूस होता हो.

जाता जाता पंपवाल्यांसाठी एक. हृदयात पहिल्यांदा कॅथेटर घालणारा म्हणून फोर्समनला १९५६ चं नोबेल मिळालं. १९२९ मध्ये त्याने स्वतःच्या दंडातून घातला होता. तो छापून आल्यावर बर्लिनचा उंगर पुढे आला की आम्ही १९१२ मध्येच केलंय, सहकाऱ्याच्या छातीत कळ आली तेव्हा कॅथेटर हृदयापर्यंत गेला असणार. यावर काय म्हणणं?

जुना_पंपवाला

म्हणणं असं की उंगरकडे एक्सरे नव्हता. फोर्समन कॅथेटर दंडात तसाच लोंबकळत ठेवून जिना उतरून एक्सरेच्या खोलीत गेला आणि टोक हृदयात पोचल्याची फिल्म काढून घेतली. तुमचाच नियम, कागद पाहिजे. मात्र गेर्डा डिट्झेन नावाची नर्स राहिली. कुलूपबंद सामान तिने काढून दिलं, ते या बोलीवर की प्रयोग माझ्यावर कर. याने तिला टेबलाला बांधलं आणि तिची पाठ वळताच स्वतःच्या दंडात घातला. सुटल्यावर एक्सरेला आरसा धरून उभी राहिली तीच.

तात्या_हडपसर

काका आता अँजिओप्लास्टी आणि स्टेंटचं पण लिहा, त्यात तर म्हणे याहून मोठी मारामारी आहे.

जुना_पंपवाला

त्याचा वेगळा धागा काढ, मी येतो तिथे. उद्या गुरुवार, पाणी बंद, आज भरून ठेवायचंय.